कडीवर सगळी भिस्त

सार्डिनिया बेटावरच्या कॅल्यारी शहरात राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथे ओल्बियाच्या प्राचीन दफनभूमीत सापडलेला काचेचा एक हार मांडलेला आहे. तो प्यूनिक, म्हणजे कार्थेजवाल्यांच्या काळातला. त्यात रंगीत मण्यांच्या जोडीला दाढीवाल्या पुरुषांची इवली इवली मुखं ओवली आहेत. वटारलेले पांढरे डोळे, निळ्या काचेच्या भुवया, कुरळी दाढी असा त्यांचा थाट. अशी मुखं इसवी सनापूर्वी सहाव्या ते तिसऱ्या शतकादरम्यान भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने विकली गेली. लंडन, न्यूयॉर्क आणि कॉर्निंगच्या संग्रहालयांतही ती पाहायला मिळतात. बघणारा डोळ्यांवर खूश होतो, दाढीवर खूश होतो. डोक्याच्या माथ्यावर काचेचीच जी लहानशी कडी आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

ते मुख गळ्यात अडकवायचं असेल तर सगळी भिस्त मात्र त्या कडीवरच होती.

त्या कारागिरांची रीत अभ्यासकांनी बरीचशी उलगडली आहे. सळईच्या टोकावर गाभा बसवायचा, त्यावर वितळती काच गुंडाळायची, वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे थेंब लावून नाकडोळे उमटवायचे आणि माथ्यावर काचेचा एक धागा ओढून, वाकवून, पुन्हा खाली चिकटवायचा. ही शेवटची कृती आजही जवळजवळ तशीच आहे. भट्टीची जागा आता टेबलावर बसवलेल्या बर्नरने घेतली आहे आणि काचेची जातही बदलली आहे. तरी शिकणाऱ्यांची दांडी गुल होते ती याच ठिकाणी.

या कामाला इंग्रजीत फ्लेमवर्किंग म्हणतात. जुनं नाव लॅम्पवर्किंग, कारण पूर्वी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीत फुंकणीने वारा घालून काच मऊ करत. हल्ली प्रोपेन आणि प्राणवायूचा बर्नर वापरतात. घरगुती कारागीर प्राणवायूसाठी बऱ्याचदा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावतो. कोविडच्या लाटेत आपल्याकडे घरोघरी ज्या यंत्राचं नाव पोचलं, तेच हे यंत्र. डोळ्यांवर डायडिमियमचा चष्मा लागतो. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत भगभगीत पिवळी होते आणि आतलं काहीच दिसत नाही. ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा तो पिवळा उजेड हा चष्मा गाळून टाकतो. चष्मा चढवला की पिवळा पडदा बाजूला होतो आणि काच कुठे मऊ झाली, कुठे अजून ताठ आहे, ते दिसू लागतं. कडीच्या कामात हे दिसणं सर्वात महत्त्वाचं.

अमेरिकेत हे शिकण्याची एक जागा मोठी गमतीची आहे. न्यूजर्सीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, डेलावेअर नदीच्या बाजूला सेलम परगणा आहे. १७३९ साली कॅस्पर विस्टर नावाच्या जर्मन स्थलांतरिताने तिथे काचेचा कारखाना काढला. अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये यशस्वीपणे चाललेला पहिला काच कारखाना म्हणून त्याची नोंद होते. तिथून जवळच असलेल्या फिलाडेल्फियात रॉबर्ट हेअरने १८०१ साली ऑक्सिजन-हायड्रोजनची फुंकनळी बनवली. आजच्या बर्नरच्या पूर्वजांत तिचं नाव घ्यावंच लागेल. याच परगण्यात आज सेलम कम्युनिटी कॉलेज आहे आणि तिथे प्रयोगशाळांची काचपात्रं घडवण्याची पदवी मिळते. तिथल्या वर्गात रसायनशास्त्रज्ञांसाठी कंडेन्सर जोडणारे आणि गळ्यात घालायचे लोलक बनवणारे विद्यार्थी एकाच जातीच्या बर्नरपुढे बसतात. फ्लेमवर्किंगची आंतरराष्ट्रीय परिषदही या कॉलेजने भरवली आहे.

काचेच्या पेपरवेटमध्ये रानफुलं, मुळं, मधमाश्या घडवून जगभर नाव कमावलेला पॉल स्टँकार्ड याच परगण्यातल्या व्यवसाय शाळेत प्रयोगशाळेचं काचकाम शिकला. आधी नळ्या जोडणं, मग फुलं, असा त्याचा प्रवास. हा क्रम अगदी योग्य वाटतो. नळीचा सांधा गळका निघाला तर रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. फुलाची पाकळी वाकडी झाली तर ती 'नैसर्गिक' म्हणून खपून जाते. सांध्याची शिस्त अंगात मुरलेल्या माणसाला कडी जड जात नाही. फुलांपासून सुरुवात करणाऱ्याला मात्र ती हमखास छळते.

आता प्रत्यक्ष काम. आज अमेरिकेत बर्नरवर बनणारी बहुतेक पेंडंट बोरोसिलिकेट काचेची असतात. प्रयोगशाळेतल्या बीकरची काच तीच. ऑटो शॉट या जर्मन रसायनतज्ज्ञाने येना गावात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित केली. कॉर्निंग कंपनीने १९१५ साली 'पायरेक्स' नावाने ती स्वयंपाकघरात आणली. आपल्याकडे 'बोरोसिल'मुळे तिची ओळख आहे. तापल्यावर ती फारच थोडी फुगते: दर अंशाला दहा लाखांत साधारण ३.३ भाग. मण्यांसाठी वापरली जाणारी मुरानोची मऊ काच याच हिशेबाने १०.४ भाग फुगते. म्हणजे तिपटीहून जास्त.

या आकड्यांत कडीचं अर्धं गणित आलं. पेंडंटचं अंग जाड असतं, कडी बारीक असते. ज्योतीबाहेर काढताच कडी झपाट्याने निवते, अंग मात्र पोटात उष्णता धरून बसतं. कडी आकसून मोकळी झाली, अंगाचं आकसणं अजून बाकी. ओढाताण होते ती सांध्यावर. बोरोसिलिकेट ही ओढाताण बऱ्यापैकी सोसते. मऊ काच सोसत नाही, ती टिंग आवाज करून तडकते. म्हणून मऊ काचेत काम करणारे कडीच्या वाटेला सहसा जात नाहीत. ते मणी करतात आणि भोक सळईकडून करून घेतात.

दोन जातींची काच एकमेकींना चिकटवण्याचा मोह नवख्यांना होतो, कारण तापलेली असताना त्या छान चिकटतात. हिशेब मांडून पाहा. दहा मिलिमीटरचा सांधा पाचशे अंशांनी निवला, तर ३.३ आणि १०.४ या काचांच्या आकसण्यात ०.०३५ मिलिमीटरचा फरक पडतो. केसाच्या जाडीच्या निम्म्याएवढाच तो असेल. तेवढ्यावर सांधा फुटतो, कधी निवताना तर कधी चार दिवसांनी, टेबलावर नुसता पडलेला असताना.

पेंडंटच्या आतलं फूल कसं बनतं, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण कडीची जागा त्यावर ठरते. काचेच्या जाड कांडीचं टोक तापवून, ग्रॅफाइटच्या पट्टीवर दाबून त्याची चकती करतात. चकतीच्या पाठीमागे, कडेकडेने, रंगीत काचेचे ठिपके बसवतात. मग कडा तापवत राहायचं. मऊ काचेला पृष्ठताण आत ओढतो, ती गोळा व्हायला लागते आणि ठिपके मध्याकडे खेचले जाऊन त्यांच्या लांब पाकळ्या होतात. समोरचा घुमट भिंगाचं काम करतो आणि फूल आहे त्याहून मोठं दिसतं. सगळं जमून येताना पाहणं हा खरोखर देखणा प्रकार आहे. शिकणारा इथेच गुंगतो.

आणि मग लक्षात येतं की कडी राहिली.

तोवर पेंडंट अजून पाठीमागच्या कांडीला चिकटलेलं असतं. कडी हवी वरच्या कडेला, म्हणजे कांडीशी काटकोनात. वरची बाजू कुठली, हे आधी ठरवलेलं नसतं. फुलाला देठ असेल तर देठ भलतीकडे आलेला असतो. अनुभवी कारागीर फुलाचा पहिला ठिपका ठेवण्याआधीच कडीची जागा ठरवून मोकळा होतो. कुणी कांडी असतानाच कडी लावतो आणि मग पेंडंट चिमट्यात धरून कांडी जाळून वेगळी करतो. कुणी उलटं करतो. त्यासाठी पेंडंटच्या दर्शनी भागाला एक तात्पुरती कांडी, जिला पंटी म्हणतात, अर्धवट चिकटवायची, पाठ साफ करून घ्यायची, शेवटी कडी. पंटीचा सांधा मुद्दाम कच्चा ठेवतात, म्हणजे टिचकीसरशी ती सुटते आणि उरलेला वण ज्योतीत विरघळवता येतो. कच्चा सांधा आणि पक्का सांधा यांतला फरक हाताला कळणं, हाच या शिक्षणातला पहिला धडा.

कडी वळवण्याची सर्वात प्रचलित पद्धत अशी. चार-पाच मिलिमीटर जाडीची कांडी उजव्या हातात, पेंडंट डाव्या हातात. पेंडंटच्या कडेवर बिंदूएवढी जागा नारिंगी होईपर्यंत तापवायची. त्याच वेळी कांडीच्या टोकालाही लहान गोळा येऊ द्यायचा. दोन्ही बाजू सारख्याच तापल्या पाहिजेत, ही अट कधी सुटत नाही. गोळा जागेवर टेकवून किंचित दाबायचा, ज्योतीबाहेर क्षणभर थांबायचं आणि हलकेच वर ओढायचं. एक छोटी मान तयार होते. आता ज्योत मानेच्या थोडी वर, कांडीवर न्यायची. तिथे काच ढिली झाली की टंगस्टनच्या सळईवरून कांडी वळवायची आणि तिचा पुढचा भाग पेंडंटच्या कडेवर, पहिल्या सांध्याशेजारी टेकवायचा. त्या दुसऱ्या जागेला आधीच ऊब दिलेली असावी लागते. टेकवल्यावर उरलेली कांडी बारीक ज्योतीने जाळून तोडायची. हातात राहते ती कपाच्या कानासारखी एक कमान, थोडी वेडीवाकडी.

खरं काम इथून पुढे असतं. दोन्ही सांधे पुन्हा एकेक करून तापवायचे, इतके की काच वाहून सांध्याची रेघ नाहीशी होईल आणि कोपऱ्याला गोलाई येईल. पण कडी मऊ झाली की पृष्ठताण तिचं भोक मिटवायला धावतो. सांधा वितळवावा तर भोक जातं, भोक राखावं तर सांधा कच्चा राहतो. या पेचात सापडलेल्या शिकाऊंचं टेबल ओळखायला सोपं असतं. तिथे भोक बुजलेल्या गुठळ्यांची एक रांग आणि कडी मोडलेल्या पेंडंटांची दुसरी रांग लागलेली दिसते. सुटकेचा मार्ग एकच: ज्योत बारीक करायची आणि एका वेळी एकाच पायाशी काम करायचं, दुसरा पाय तेवढ्यात निवून ताठ राहतो आणि कमान धरून ठेवतो. मधूनमधून अख्खं पेंडंट मोठ्या, मवाळ ज्योतीतून फिरवून आणायचं, म्हणजे जाड अंगही गार पडत नाही.

भोक गोल करायला टंगस्टनची टोकदार सळई किंवा निमुळता ग्रॅफाइट वापरतात. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतो, त्यामुळे ज्योतीत त्याचं काही बिघडत नाही, फक्त पृष्ठभागावर ऑक्साइड धरतं. तरी त्याच्याशी जपून वागावं लागतं. थंड सळई खुपसली तर काचेला आतून बारीक चिरा जातात. लालभडक सळई जास्त वेळ ठेवली तर काच तिला चिकटते आणि ओढून काढताना कडीच उपटून हातात येते. सळईला आधी थोडी ऊब द्यायची, आत घालायची, फिरवायची आणि लगेच बाहेर काढायची.

दुसरी पद्धत धसमुसळी वाटते, पण काही जण तिच्यावरच अवलंबून असतात. माथ्यावर काचेचा एक भरीव गोळा बसवायचा, चांगला मुरवायचा, चिमट्याने दोन्ही बाजूंनी दाबून चपटा करायचा आणि मधोमध तापवून टंगस्टनने आरपार भोसकायचं. सांधा एकच आणि तोही रुंद, त्यामुळे ही कडी मजबूत होते. दिसायला ती कमानीइतकी नाजूक नसते. चौथ्या-पाचव्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइन भागात शिक्का मारलेली काचेची छोटी गोल पदकं बनत. त्यांच्या माथ्यावरची काच वर ओढून, दुमडून कडी केलेली दिसते. तिथे वेगळी काच जोडायची भानगडच नाही, म्हणून त्या कड्या फार सुटसुटीत वाटतात.

कडी मोडते कशाने? वजनाने नव्हे, हे आधी मनातून काढून टाकायला हवं. २५ मिलिमीटर व्यासाचा बोरोसिलिकेटचा भरीव गोळा जेमतेम अठरा ग्रॅम भरतो. काचपात्रांचा आराखडा करताना या काचेवर अगदी सावधपणे, दर चौरस मिलिमीटरला सात न्यूटन एवढाच ताण धरतात. त्या हिशेबानेही चार मिलिमीटर जाडीचा कडीचा एक पाय आठ-नऊ किलो तोलून धरेल. अठरा ग्रॅमची ती काय कथा!

मोडण्याचं कारण शोधायचं तर शंभर वर्षं मागे, दोन इंग्रज अभियंत्यांकडे जावं लागतं. चार्ल्स इंग्लिस याने १९१३ साली जहाजांच्या पत्र्यांसंदर्भात दाखवून दिलं की भोकाचा कोपरा जितका तीक्ष्ण, तितका ताण त्या टोकाशी एकवटतो. पुढे ॲलन ग्रिफिथने काचेवरच प्रयोग केले. ताज्या ओढलेल्या बारीक काचतंतूंची ताकद जाड काचेच्या मानाने कितीतरी जास्त भरते, हे त्याला आढळलं. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा गाभा असा: काच मुळात दुबळी नसते, पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरा तिला दुबळी करतात आणि ताण पडला की त्या चिरा पसरत जातात. धातू अशा वेळी थोडा लवून ताण जिरवतो. काचेला ते जमत नाही.

पेंडंटचा कच्चा सांधा म्हणजे इंग्लिसचा तीक्ष्ण कोपरा आणि ग्रिफिथची चीर, दोन्ही एका जागी. गोळा पुरता न वितळता नुसता टेकला, तर त्याच्या पोटाखाली चहूबाजूंनी एक खाच राहते. भिंगातून ती स्पष्ट दिसते. नुसत्या डोळ्यांना कडी धडधाकट वाटते. मग कधीतरी पेंडंट वॉशबेसिनच्या कडेवर आपटतं आणि कडी त्याच खाचेतून, मुळापासून निखळते. शिकवणारे विद्यार्थ्याचं फूल बघण्याआधी पेंडंट उलटंपालटं करून कडीचं मूळ बघतात, त्याचं कारण हेच. तिथे रेघ दिसली की फुलाची स्तुती लांबणीवर पडते.

ताणाचा दुसरा उगम अदृश्य असतो. काच असमान निवली की तिच्या पोटात ताण कोंडून राहतो. तो घालवायला भट्टीत मुरवणं, म्हणजे ॲनीलिंग, लागतं. बोरोसिलिकेटसाठी हे तापमान ५६०-५६५ अंशांच्या आसपास असतं. तिथे काच आकार सोडत नाही, पण आतला ताण सैल पडतो. मग सुमारे ५१० अंशांपर्यंत सावकाश उतरायचं. त्याखाली नवा कायमचा ताण साठत नाही. वेळ ठरते ती सर्वात जाड भागावरून. कडी बारीक म्हणून लवकर उरकेल असं कुणी धरलं तर फसतो, कारण ओढाताण कडी आणि अंग यांच्यामधली असते. ध्रुवीकरण करणाऱ्या दोन फिल्म एकमेकींशी आडव्या धरून मधे पेंडंट ठेवलं तर कोंडलेला ताण उजेडाच्या पट्ट्यांनी चमकतो. सांध्याभोवती असा उजेड दिसला तर पेंडंट परत भट्टीत जातं.

कडीबाबतचा आणखी एक प्रश्न, ज्यावर नवखे विचारच करत नाहीत: भोकाचं तोंड कुठे? भोक डावीकडून उजवीकडे असेल तर दोरी सरळ त्यातून जाते आणि फूल समोर बघतं. भोक समोरून पाठीमागे असेल तर दोरीवर पेंडंट काटकोनात वळतं. समोरच्याला फुलाऐवजी कड दिसते आणि मग धातूची एक जास्तीची कडी मधे घालून ते सरळ करावं लागतं. सोनारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काचकाम शिकणाऱ्याला समोरून दिसणारी गोल कमान मोहात पाडते, कारण टेबलावर ती सुंदर दिसते. गळ्यात घातल्यावर फजिती कळते. शिवाय कडी वजनाच्या मध्यरेषेवर हवी. पेंडंट लोंबकळताना आपला गुरुत्वमध्य आधाराच्या बरोबर खाली नेणारच. कडी दोन मिलिमीटर सरकली असेल तर फूल कायम मान वाकडी करून बसतं. चामड्याची दोरी दोन-तीन मिलिमीटरची असते, तिला भोक त्याहून चांगलंच सैल लागतं. साखळी असेल तर तिचं फाशाचं टोकही त्यातून जायला हवं. यातलं काहीच अवघड नाही, पण भट्टीतून बाहेर आल्यावर बदलता येत नाही.

ही सगळी कला अमेरिकेत फोफावली ती काही कॉलेजांमुळे नव्हे, हेही सांगायला हवं. बॉब स्नॉडग्रास हा कारागीर 'ग्रेटफुल डेड' या बँडच्या दौऱ्यांमागे गाडी घेऊन फिरत असे आणि गांजा ओढायचे काचेचे पाइप विकत असे. ज्योतीत सोन्या-चांदीची वाफ करून ती काचेवर बसवण्याचं तंत्र त्याच्यामुळे पसरलं. ऑरेगन राज्यातल्या यूजीनमध्ये तो स्थायिक झाला आणि तिथे शिष्यांची फळी उभी राहिली. फेब्रुवारी २००३ मध्ये 'ऑपरेशन पाइप ड्रीम्स' या नावाने संघीय सरकारने पाइपविक्रेत्यांवर छापे घातले. पेंडंट आणि गोट्यांना कायद्याचं भय नव्हतं. पाइपवाल्या कारागिरांच्या टेबलांवर ती होतीच आणि अनेकांची खरी करामत त्यांतच दिसते. इथल्या कड्याही वेगळ्या: शिंगासारख्या वळलेल्या, पिळाच्या, रंगीत, कधी पेंडंटाइतक्याच नखरेल. रंगीत कडीत एक गोम असते. काही रंगांची काच पारदर्शक काचेपेक्षा किंचित वेगळी आकसते. म्हणून जाणकार सांध्यापुरती पारदर्शक काच घेतात आणि रंग वरच्या कमानीवर चढवतात.

आपल्याकडची काचेची परंपरा थोर, पण ती भोकाची आहे, कडीची नाही. तेर, नेवासे, कौंडिण्यपूर इथल्या उत्खननांत काचेचे मणी भरपूर निघाले. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी या विषयाला आयुष्य वाहिलं. भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली काढला. मंगळसूत्रातले काळे मणी आजही काचेचेच असतात. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर बर्नरवरच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मातीचा लेप दिलेल्या तारेवर काच गुंडाळतात आणि निवल्यावर तार काढून घेतात. भोक आपोआप मिळतं. टांगायला इतकी सोपी सोय हाताशी असताना कडीच्या फंदात कोण पडेल?

महाराष्ट्रात बर्नरवर कडी वळवणारे हात शोधायचे तर दागिन्यांच्या दुकानांऐवजी प्रयोगशाळांत जावं लागेल. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला आणि तिथे काचकामाचं शिक्षणही सुरू झालं. ओगलेवाडीच्या कारखान्याचे प्रभाकर कंदील घरोघरी गेले. ते सगळं भट्टीचं काम. बर्नरपुढे बसणारा माणूस वेगळा आणि तो आजही संशोधन संस्थांमध्ये असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी काचकामाचा स्वतंत्र विभाग आहे. रसायनशास्त्र शिकलेल्यांना घासून बसवलेले काचेचे सांधे आठवत असतील. स्प्रिंग अडकवून दोन पात्रं एकत्र धरायला त्यांच्या कडेवर काचेचे इवले आकडे असतात. पेंडंटच्या कडीची ही सख्खी भावंडं. तीच कांडी, तीच बिंदूएवढी ऊब, तसंच वळवणं आणि मूळ गोलाईने मुरवण्याची तीच सक्ती. आकडा निखळला तर उकळतं द्रावण ओट्यावर येईल, म्हणून तिथे कच्चा सांधा कुणी खपवून घेत नाही. असे आकडे रोज लावणाऱ्याला कुणी हौसेने पेंडंट करायला दिलं, तर फूल कदाचित साधं निघेल, कडी मात्र बघण्यासारखी असेल.

ज्योतीतून नुकतीच निघालेली कडी तिच्या सर्वात ताकदवान अवस्थेत असते. पृष्ठभाग वितळून गुळगुळीत झालेला, चिरा जवळजवळ नसलेल्या. नंतर धातूची साखळी तिच्या आतल्या बाजूवर घासत राहते आणि ग्रिफिथच्या चिरा एकेक करून जमा होतात. चामड्याची किंवा सुती दोरी त्या मानाने मवाळ. विकताना बरेच कारागीर पेंडंट दोरीत ओवूनच देतात. त्यामागे स्वस्ताईचा हिशेब असतो, तसाच हाही.

तरीही कडी मोडतेच कधीतरी, आणि मग मालक ती घेऊन येतो. डिंकाने धातूची टोपी चिकटवणं हा एक उपाय. दुसरा उपाय भट्टीचा. पेंडंट आधी स्वच्छ करायचं, भट्टीत ठेवून कित्येक तास हळूहळू मुरवण्याच्या तापमानापर्यंत न्यायचं, तापलेल्या चिमट्याने उचलून थेट मवाळ ज्योतीत आणायचं, जुनं खुंट वितळवून सपाट करायचं आणि त्याच जागी नवी कडी वळवून पुन्हा भट्टीत. घाईने तापवलं तर कडीसाठी आणलेलं अख्खं पेंडंटच उडतं. आत चांदीयुक्त रंग असतील तर त्यांची छटा दर तापवण्यागणिक बदलू शकते. निळसर फूल दुरुस्तीनंतर पिवळटही होऊ शकतं. म्हणून नवी कडी लावायला होकार देण्याआधी कारागीर तीन गोष्टी विचारून घेतो: पेंडंट कुणी बनवलं होतं, कोणत्या काचेचं, आणि रंग थोडा बदलला तर चालेल का.